जावयाचं "नाही कळलं"

आमच्या ह्यांचं म्हणणं असं की, धोंड्याच्या महिन्यात जावयाला घरी बोलावून, त्याला पोटभर जेवू घालून, वर तोंडावर खोटारडा म्हणणारी सासू अख्ख्या नागपुरात मी एकटीच असेन. एकटी आहे की नाही ते मला ठाऊक नाही. म्हटलं होतं हे मात्र खरं. आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा म्हणेन.

आम्हाला एकच लेक. तिचं लग्न गेल्या हिवाळ्यात झालं. जावई उमरेडचा, विणकरांच्या घरातला. आजोबांच्या काळापर्यंत त्यांच्या घरी हातमाग चालत होता. हा शिकला आणि बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या खात्यात सुपरवायझर झाला. दोघांनी एकमेकांना आधी पसंत केलं आणि मग आम्हाला सांगितलं. आम्हालाही मुलगा आवडला. उंच, सावळा, हसला की एका गालाला खळी पडते. अडचण एवढीच की तो आमच्या घरी हसायचाच नाही.

म्हणजे उद्धट होता असं नाही. उलट इतका सभ्य की माझा जीव गुदमरायचा. सोफ्याच्या अगदी कडेला बसायचा, जणू कोणी उठा म्हणालं तर लगेच उठता यावं. चहा घेता? "चालते." सरबत करू? "चालते." पंखा वाढवू? "काही नाही, ठीक आहे." जेवायला बसला की दुसरी पोळी घेताना हात आडवा धरायचा. दोघं यायचे ते पाहुण्यांच्या वेळेला आणि ऊन उतरलं की निघायचे पाहुण्यांसारखे.

आणि माझी लेक त्याच्या शेजारी सोफ्यावर बसलेली असायची. हीच पोरगी लग्नाआधी स्वयंपाकघरात ओट्यावर चढून बसायची, पाय हलवत फोडणीतले शेंगदाणे वेचून खायची आणि मी लाटण्याचा धाक दाखवला की दात काढायची. आता ती दारात उभी राहून विचारायची, "आई, मी काही मदत करू का?" असं आपल्या घरात कोणी विचारतं का? नवऱ्याला एकटं बसवून आत यायचं कसं, म्हणून ती त्याला सोबत करायची. त्यात तिची काही चूक नव्हती. पण मला स्वच्छ दिसत होतं की जावई पाहुणा राहिला, तर त्याच्याबरोबर लेकही कायमची पाहुणी होणार. मला रात्रंदिवस हीच भीती होती. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "होते गा हळूहळू." हे मला बायको असूनही पुरुषांना म्हणायचं ते गा म्हणतात, विशेषतः माझं बोलणं टाळायचं असलं की.

हळूहळू होण्यावर माझा विश्वास नाही. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आहे. हळूहळू काही होत नाही. पोराला एखादी गोष्ट कळत नसते, कळत नसते, आणि एका क्षणी कळते. तो क्षण पोराच्या चेहऱ्यावर दिसतो. भुवया वर जातात, तोंड किंचित उघडतं, आणि मग ते पोर आपलं होतं. एवढ्यासाठी तर मी शिकवत होते.

त्या क्षणासाठी आमच्या घरात एक कोडं आहे. आम्ही त्याला कपाळपत्ता म्हणतो. लेक लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला घातलं होतं. नंतर तिच्या मैत्रिणींना, भाचरांना, एकदा तर गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही घातलं. पत्त्यांच्या जोडातून पाच पत्ते काढायचे. तीन बदामाचे, म्हणजे लाल. दोन इस्पिकचे, म्हणजे काळे. तिघांनी गोल करून बसायचं. चौथ्यानं पाचही पत्ते पिसून प्रत्येकाच्या कपाळावर एकेक पत्ता असा लावायचा की ज्याचा त्याला दिसू नये, पण बाकी दोघांना दिसावा. उरलेले दोन पत्ते पालथे. मग पहिल्यानं, दुसऱ्यानं, तिसऱ्यानं, असं क्रमानं एकेकदाच बोलायचं. स्वतःचा रंग ओळखता आला तर सांगायचा, नाही तर "नाही कळलं" म्हणायचं.

नव्या माणसाला वाटतं की हा सगळा नशिबाचा खेळ आहे. तसं नाही. समजा, पहिला म्हणाला "नाही कळलं". याचा अर्थ त्याला समोर दोन काळे दिसत नाहीत. दिसले असते तर काळे संपले, आपला लालच, हे त्याला लगेच कळलं असतं. आता दुसऱ्याकडे या. त्याला हे ठाऊक आहे की आपण आणि तिसरा, दोघंही काळे नाही. म्हणजे तिसऱ्याच्या कपाळावर काळा दिसला, तर आपला लाल. तोही "नाही कळलं" म्हणाला, तर त्याला तिसऱ्यावर काळा दिसत नाही. म्हणून तिसरा लाल. तिसऱ्यानं डोळे मिटून घेतले तरी तो आपला पत्ता सांगू शकतो. दोघांच्या "नाही कळलं"मधून त्याचं उत्तर तयार होतं. हे जेव्हा एखाद्याला उमगतं, तेव्हा तो मांडीवर थाप मारतो. मी ठरवलं की जावयाला एकदा मांडीवर थाप मारायला लावायची.

धोंड्याचा महिना नेमका नवतप्यात, उन्हाळ्याच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांत आला होता. नागपूरच्या त्या उन्हाबद्दल मी काही सांगत नाही. ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना खरं वाटत नाही. सकाळी दोघं आले. मी धोंडे केले होते, अनारसे आदल्या आठवड्यातच तळून ठेवले होते, आंब्याचा रस, कढी, वडाभात, वांग्याची रस्साभाजी. मी जावयाला कुंकू लावून ओवाळलं, ह्यांनी तांब्याच्या ताटात दिवा ठेवून अनारसे दिले. जावयानं हात आडवा धरून दोन धोंडे खाल्ले आणि तिसऱ्याला "बस, बस, लय झालं" म्हणाला. लेक त्याच्या शेजारी बसून माफक जेवली. मी वाढत राहिले आणि आतल्या आत जळत राहिले.

जेवणं झाल्यावर त्यांची निघायची चुळबुळ सुरू व्हायच्या आत मी पत्ते काढले.

"एवढ्या उन्हात कुठं जाता?" मी म्हटलं. "बसा. तुम्हाला एक कोडं घालते."

"चालते," जावई म्हणाला.

कूलर बंद करावा लागला, कारण त्याच्या वाऱ्यानं पत्ते उडतात. महाल भागातल्या आमच्या गल्लीत घरं एकमेकांना टेकून उभी आहेत. कूलर बंद झाला की पाच मिनिटांत माणूस उकडतो. पण त्याचा एक फायदा असा की घामानं पत्ता कपाळाला आपोआप चिकटतो, हातानं धरावा लागत नाही. लेक पत्ते लावणार होती, कारण तिला कोड्याचं उत्तर ठाऊक होतं. हे पहिले, जावई दुसरा, मी तिसरी. तिसरी जागा मी मुद्दाम घेतली होती. दोघं "नाही कळलं" म्हणणार, मी डोळे मिटून "लाल" म्हणणार, आणि जावई आ वासून बघत राहणार, असा माझा बेत होता.

लेकीनं पत्ते लावले. ह्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं, हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "नाही कळलं."

जावयानं ह्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. खाली मान घातली. "नाही कळलं."

मी डोळे मिटले, हात वर केला आणि वर्गात म्हणावं तसं खणखणीत म्हटलं, "माझा लाल!"

 लेकीला खोकला आला. मी कपाळावरचा पत्ता ओढून बघितला. इस्पिकची राणी माझ्याकडे बघत होती.

हे हसले ते इतके हसले की त्यांचा पत्ता गळून पडला. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," ते म्हणाले. मी मनातल्या मनात उलटा हिशोब लावला. ह्यांना जावयावर लाल आणि माझ्यावर काळा दिसत होता. त्यांचं "नाही कळलं" बरोबर होतं. जावयाला मात्र माझ्यावर काळा दिसत होता, म्हणजे त्याचा स्वतःचा लाल हे त्याला कळायला हवं होतं. त्याला ते सुचलं नव्हतं. ठीक आहे, पहिल्यांदा बहुतेकांना सुचत नाही. चूक माझीच. दुसरा माणूस विचार करतो असं मी धरून चालले होते.

मग मी त्याला समजावलं. हळू, एकेक पायरी करून, मध्ये थांबून, "इथपर्यंत कळलं?" असं विचारत. तो प्रत्येक ठिकाणी मान हलवत होता. "हो. कळलं. हो." शेवटी मी म्हटलं, "आता तुम्ही सांगून दाखवा." त्यानं सगळं बिनचूक सांगितलं. मला बरं वाटलं. भुवया काही वर गेल्या नाहीत, पण म्हटलं, असू दे, लाजाळू आहे.

दुसऱ्या डावात मी पहिली, जावई दुसरा, हे तिसरे. मला ह्यांच्यावर काळा दिसत होता, जावयावर लाल. मी क्षणभर पुढचा हिशोब केला आणि म्हटलं, "नाही कळलं." आता जावयाची पाळी. समोर सासऱ्याच्या कपाळावर काळा इस्पिक, दिवसासारखा स्वच्छ. नुकतंच समजावलेलं अगदी तेच. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

तो म्हणाला, "नाही कळलं."

ह्यांनी मोठ्या आत्मविश्वासानं "लाल" म्हटलं आणि तेही तोंडावर पडले.

मी पन्हं आणते म्हणून आत गेले. माझ्या मागोमाग हे आले. मी ग्लासात साखर ढवळत होते ती ढवळतच राहिले. मला रडू यायला लागलं होतं, खरंच सांगते. पोरगा मंद आहे याचं मला वाईट वाटत नव्हतं. मंद पोरं मला आवडतात, ती निदान "नाही समजलं बाई" म्हणतात. मला भीती वाटते ती "हो, कळलं" म्हणून मान हलवणाऱ्या पोरांची. ती कधी वर्गात येतच नाहीत. बाकावर बसलेली असतात, पण आलेली नसतात. हे मी ह्यांना म्हटलं.

"एवढ्या मोठ्या खात्यात लूम चालवून राहिला तो," हे म्हणाले. "मंद कसा असन?"

"मग काय?"

"मले काय माहीत? तू मास्तरीण," म्हणून ह्यांनी पन्ह्याचा एक ग्लास उभ्याउभ्याच पिऊन टाकला.

बाहेर आलो तर जावई उठून उभा होता आणि लेक त्याला हळूच काहीतरी बोलत होती. आम्हाला बघून ती थांबली. "आई, आम्ही निघतो आता," ती म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. मला वाटलं उन्हानं.

"एक डाव," मी म्हटलं. "एकच. मग जा."

तिसऱ्या डावात जावई पहिला, हे दुसरे, मी तिसरी. लेकीनं पत्ते लावताना तिचे हात थोडे घाईत होते. मी समोर पाहिलं. जावयावर लाल. ह्यांच्यावर काळा. माझा अर्थात मला ठाऊक नाही.

जावयानं आमच्याकडे पाहिलं आणि फारसा वेळ न घालवता म्हणाला, "नाही कळलं."

हे दुसरे. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि टाळी वाजवून म्हणाले, "या खेपेला लाल! माझा लालच!"

आणि मी बसल्या जागी गार झाले. कारण ह्यांचा लाल नव्हता. मला समोर दिसत होता, काळा. पण ह्यांचा विचार बरोबर होता, हे कोड्यात चूक करत नाहीत. दुसऱ्या जागेवरचा माणूस "माझा लाल" केव्हा म्हणतो? त्याला तिसऱ्यावर काळा दिसतो तेव्हा. म्हणजे माझ्या कपाळावर काळा होता. ह्यांच्यावरही काळा. मग पहिल्या जागेवरच्या जावयाला समोर काय दिसत होतं? दोन काळे. पाचांत काळे दोनच आहेत. इथं काही विचार करायचीही गरज नव्हती. पहिलीतलं पोर सांगेल की माझा लाल. आणि हा म्हणाला, "नाही कळलं."

मी माझा पत्ता न बघता शांतपणे म्हणाले, "माझा काळा." मग पत्ता काढून जमिनीवर टाकला. इस्पिकच होता. आणि मग माझा आवाज चढला.

"जावईबुवा, तुम्ही खोटारडे आहात!"

हे दचकले. लेक म्हणाली, "आई!"

"आई काय आई! दोन काळे समोर दिसून राहिले अन् म्हणते नाही कळलं! म्हणजे तुम्हाला पहिल्या डावापासून सगळं कळत होतं. काहून खोटं बोलून राहिले तुम्ही? मी तिकडे आत जाऊन रडून राहिली, की माझ्या जावयाले साधं कोडं समजत नाही, अन् तुम्ही इथं मूग गिळून बसले!"

चिडले की माझी शाळेतली मराठी जाते आणि आईची मराठी येते.  धोंड्याचा महिना, ओवाळलेला जावई, कपाळावर माझ्याच हातचं कुंकू, त्यावर चिकटलेला बदामाचा गुलाम, आणि मी त्याच्यावर ओरडत होते. शेजारच्या वहिनींच्या खिडकीचा पडदा हलला. मला वाटलं, संपलं. आता हा उठेल, चपला घालेल, आणि लेक त्याच्या मागे जाईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जावयानं कपाळावरचा पत्ता काढला. तो घामानं असा चिकटला होता की ओढताना चर्र आवाज आला. त्याचे कान लाल झाले होते.

"बाबानं सांगतलं होतं," तो म्हणाला.

"काय सांगितलं होतं?"

"का सासरी पहिल्या वर्षी जिंकून येऊ नोको. आमच्याकडे तसंच राह्यते. जवायानं सासऱ्याच्या घरी खेळात हाराचं, अन् जेवणात हात राखाचा. नाही तं लोक म्हणते, पोरगा आल्या आल्या घर ताब्यात घेते. मले पहिल्याच डावात समजलं होतं. पण मी लाल म्हणलो असतो तं मीच जिंकलो असतो. मंग कसं बोलू?"

लेक तोंडावर हात धरून हसत होती. तिला सगळं माहीत होतं. पत्ते तिनंच लावले होते, कोण काय बघतंय हे तिला दिसत होतं, आणि नवऱ्याला ती मघाशी हेच सांगत होती की आता पुरे कर, आईला वेड लागेल.

मला उमरेडच्या त्या व्याह्यांचा राग यावा की त्यांच्या पाया पडावं, काही कळेना. मान राखायला म्हणून त्यांनी पोराला हरायला पाठवलं होतं. आणि त्या हरण्यापायी आम्ही दोघंच हरत होतो, कारण हा जेव्हा जेव्हा मान राखून "नाही कळलं" म्हणत होता, तेव्हा तेव्हा आम्ही त्याच्यावर भरवसा ठेवून तोंडघशी पडत होतो.

"तुमच्या बाबांचा शब्द मोठा," मी म्हटलं. "पण या कोड्यात मान राखता येत नाही. एकजण खोटं बोलला की तिघांचं चुकतं. इथं खेळायचं तर खरं खेळायचं."

त्यानं विचारलं, "मंग खरं खेळू?"

"खेळा!"

"जेवणाचंही खरं सांगू?"

"सांगा."

"भाजी फिकी होती," जावई म्हणाला. "अन् मले अजून भूक हाय."

ह्यांनी मांडीवर थाप मारली. कोड्यासाठी नाही, याच्यासाठी. मी उठले आणि धोंड्यांचं आख्खं पातेलं बाहेर आणून ठेवलं, शेजारी उरलेले वडे, रस्सा, लाल तिखटाचा डबा आणि तेल. आमच्या भाजीला फिकी म्हणणारा पहिलाच माणूस त्या घरात आला होता. पण सावजीच्या झणझणीत जेवणावर वाढलेल्या पोराला वांग्याचा आमचा रस्सा म्हणजे पथ्यच वाटत असणार. त्यानं वाटीतल्या रश्श्यात तेल-तिखट कालवलं, त्यात बुडवून वडे खाल्ले, वर धोंडे खाल्ले, आणि तोंड पुसून म्हणाला, "वाटा पत्ते."

मग डावावर डाव झाले. कोणी निघायचं नाव काढलं नाही. पत्ते वाटून कंटाळलेली लेक उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं मी डोकावले तर ती ओट्यावर चढून बसली होती, मांडीवर अनारशांचा डबा.  तशीच परत फिरले. ह्यांनी विचारलं, "डोळ्यात काय गेलं?" मी म्हटलं, "घाम."

तिला हाक मारून पत्ते लावायला बसवलं आणि मी पहिल्या जागेवर, जावई दुसऱ्या, हे तिसऱ्या. मला ह्यांच्यावर लाल दिसत होता, जावयावर काळा. मी म्हटलं, "नाही कळलं." जावयाला ह्यांच्यावर लाल दिसत होता. आता यावरून त्याला स्वतःबद्दल काहीही कळणं शक्य नव्हतं. तिसरा लाल असेल तर दुसऱ्यानं "नाही कळलं"च म्हणायचं असतं, लाल किंवा काळा काहीही असू शकतो. मी शांतपणे त्याच्या त्या उत्तराची वाट बघत होते.

"माझा काळा," जावई म्हणाला.

"शक्य नाही!" मी ओरडले.

त्यानं पत्ता काढला. काळा.

"तुम्ही शोकेसच्या काचेत बघितलं!"

"नाही बघतलं. देवाशप्पथ. तुमच्याकडे बघतलं."

"माझ्याकडे काय लिहिलंय?"

"तुम्हाले दोन लाल दिसले का तुम्ही लगेच बोलता," तो म्हणाला. "एक जरी काळा दिसला का थांबता. डोक्यात पुढचं मांडून पाहता. इतक्या डावांत पाहून राहिलो मी. आत्ता थांबल्या तुम्ही. मामांचा तं लाल. मंग काळा कोणाचा? माझाच."

तो सासऱ्याला मामा म्हणतो, त्यांच्याकडची रीत.

"हा तर्क नाही!" मी म्हटलं. "ही लबाडी आहे!"

"लबाडी कशी? लूमवर पण असंच राह्यते. आवाज एक क्षण अडला का समजते, कुठंतरी धागा तुटला. आवाज काही बोलत नाही."

"लूम वेगळं आणि कोडं वेगळं! कोड्यात जे बोललं तेवढंच धरायचं."

"मघाशी तुम्हीच म्हणल्या का इथं खरंच पाहिजे. थांबणं खरं नाही का मंग?"

हे आमच्या दोघांच्या मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे मान फिरवत होते. लेक पत्ते हातात धरून कंटाळली आणि म्हणाली, "अरे, वाटू का नको?" आम्ही दोघांनीही तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माझा घसा बसला. त्याचा आवाज चढला. त्या खोलीत आमच्या जावयानं पहिल्यांदा आवाज चढवला, आणि मी हरत होते, आणि मला इतका राग आला होता आणि इतका आनंद झाला होता की दोन्ही एकाच वेळी कुठं ठेवावेत ते समजेना. संध्याकाळ झाली, हे कूलरमध्ये पाणी भरायला उठले, तरी आमचा निकाल लागला नव्हता. शेवटी गाडी सुरू करून दारात उभा असताना तो म्हणाला, "आई, विचार करजा." मी म्हटलं, "तुम्हीच करा!"

दोन-तीन दिवसांनी दुपारी फोन वाजला. जावयाचा होता. मला वाटलं, काही बरंवाईट तर नाही. मी घाबरून "काय झालं?" म्हटलं.

"काही नाही," तो म्हणाला. "मले एक सुचलं. समजा, तुम्हाले माहीत हाय का मी तुमच्या थांबण्याकडे पाहतो. तं तुम्ही मुद्दाम थांबसान, मले फसवाले. मंग तुमचं थांबणं खोटं झालं. म्हणजे तुमचंच म्हणणं बरोबर राह्यते, का कोड्यात फक्त बोललेलं धरावं. पण..."

"पण काय? हरलात, मान्य करा!"

"पण मुद्दाम थांबणं म्हणजे खोटं बोलणंच झालं ना? अन् खोटं तं तुम्ही बंद केलं. मंग थांबणं पुन्हा खरंच!"

मी ओट्याला टेकून उभी राहिले. हा मुद्दा चांगला होता. मी म्हटलं, थांबा, मला नीट बघू द्या, आणि पोळपाटावर सांडलेल्या पिठात बोटानं मांडायला लागले: पहिला, दुसरा, तिसरा, लाल, काळा. तो पलीकडून एकेक पायरी सांगत होता. मध्येच मी "चूक!" म्हणायचे, मध्येच तो "नाही, आता ऐका ना" म्हणायचा. किती वेळ गेला कोण जाणे. चुलीवरचं, म्हणजे गॅसवरचं वरण खाली लागल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले आणि गॅस बंद करून पुन्हा फोन कानाला लावला.

पलीकडून, मागून कुठून तरी, माझ्या लेकीचा आवाज येत होता.

"मले दे ना फोन! कधीची उभी आहे मी. माझी आई आहे ती!"

"थांब ना वं," जावई तिला म्हणाला. "आमचं महत्त्वाचं चालू हाय."

आणि मी, तिच्या सख्ख्या आईनं, जराही विचार न करता त्याला सांगितलं, "तिला म्हणावं, घरातलंच माणूस आहेस, थांब जरा. तुम्ही दुसऱ्या जागेपासून पुन्हा सांगा."